सव्वीस लख्ख तारा

शनिवार. बुद्धपौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले. जागा: शहापूरच्या पलीकडे, डोळखांबच्या वाटेवरच्या डोंगरातली दगडाची खाण. हजर: अण्णा, दिगूकाका, गोमा, आई आणि मी. गैरहजर: तिघे. तिघेही लग्नाला. त्यातल्या एकाचं स्वतःचंच लग्न होतं, त्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं.

हे मी आठवून नाही, वहीत बघून लिहिते आहे. आमच्याकडे प्रत्येक जॉइंटला वहीचं एक पान असतं आणि पानाची सुरुवात वाराने आणि हजेरीने होते. हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नियम. जॉइंट दहा वर्षांनी उघडला तरी त्यात कोणाकोणाचे हात होते ते कळलं पाहिजे, असं ते म्हणत. कोण काय बोललं, कोण रुसलं, डब्यात काय होतं, हे मात्र वहीत नाही. ते आठवणीतून.

आमचा धंदा बेल्ट जोडायचा. खाणीतला दगड, कोळसा, खडी वाहून नेणारे रबरी पट्टे असतात, एक-एक, दोन-दोन किलोमीटर लांब. कारखान्यातून ते गुंडाळ्यांनी येतात आणि जागेवर जोडावे लागतात. पुढे वापरून वापरून एखादा जोड सैल झाला की तो कापून टाकून नवा करावा लागतो. साध्या बेल्टच्या पोटात कापड असतं. मोठ्या, लांब बेल्टच्या पोटात पोलादी तारा असतात, विणायच्या सुईएवढ्या जाड, एकीशेजारी एक. असा बेल्ट जोडायचा तर दोन्ही टोकांचं रबर सोलून तारा मोकळ्या करायच्या, या टोकाची एक, त्या टोकाची एक अशा दोन हातांची बोटं गुंफल्यासारख्या बसवायच्या, मध्ये आणि वरखाली कच्चं रबर भरायचं, आणि मग दोन तापत्या प्लेटांमध्ये दाबून ते शिजवायचं. शिजलं की दोन टोकं एकजीव. चांगला झालेला जॉइंट डोळ्यांना दिसत नाही, हात फिरवून शोधावा लागतो.

आमचं घर वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. लोकांच्या पडवीत भाताच्या कणग्या असतात, आमच्या पडवीत प्रेसच्या प्लेटा, आडवे बीम, साखळीचे चेन ब्लॉक आणि रबराच्या सोल्युशनचे डबे. त्या सोल्युशनचा वास अण्णांच्या शर्टांना, आमच्या गोधड्यांना आणि माझ्या शाळेच्या पुस्तकांनाही येई. बाईंनी एकदा माझी वही नाकाशी धरून विचारलं होतं, तुमचं पंक्चरचं दुकान आहे का? आमच्या आळीत पहिला फ्रिज आमच्याकडे आला, पण त्यात खाण्याचं काही नसे. कच्चं रबर उकाड्यात पडून राहिलं की आपोआप शिजायला लागतं आणि मग चिकटत नाही. म्हणून रबराच्या गुंडाळ्या फ्रिजमध्ये आणि आमचं दूध बाहेर, पाण्याच्या परातीत. उन्हाळ्यात शेजारणी बर्फ मागायला येत. आई फ्रिजचं दार सताड उघडून आतल्या काळ्या गुंडाळ्या दाखवी आणि म्हणे, "घ्या, किती देऊ?"

आईचा त्या धंद्याशी संबंध एवढाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो: डबे भरणं, कपडे धुणं, फ्रिज राखणं. तिचं राज्य चुलीपाशी. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि मे महिन्यात पाटीभर करवंदं. आणि भांडी. आमच्या मांडणीवरची भांडी आई अशी घासायची की दुपारच्या उन्हात त्यांचे कवडसे छपरावर नाचत. पाहुणी बाई घरात आली की आधी मांडणीकडे बघायची, मग आईकडे. माझ्या लहानपणी मला मिळालेली पहिली शाबासकी परीक्षेतल्या मार्कांची नव्हती, घासलेल्या तपेल्याची होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

तीन माणसं लग्नाला गेल्यावर हात कमी पडले. खाणीने बेल्ट शनिवारी सकाळी थांबवायचा आणि सोमवारी सकाळी आठला चालू करायचा असं ठरवलेलं. तारीख पुढे ढकलता येत नव्हती. जुना जोड उघडायला लागला होता, कडेच्या दोन तारा बाहेर डोकावत होत्या. शुक्रवारी जेवताना अण्णा बोटांवर माणसं मोजत होते, ती चारच्या पुढे जाईनात. आई भात वाढता वाढता म्हणाली, "सोलायचंच काम हाय ना? मी येते. रोज काय करते दुसरं?" दिगूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, घास तोंडाशी धरून हसले. "वैनी, तिथं पाटा-वरवंटा नाय हां." आई म्हणाली, "तुमच्या डोक्यावरच वाटीन मग."  सकाळी टेम्पो निघाला तेव्हा आई डबे मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेली होती.

सरळगावहून किन्हवलीच्या रस्त्याला लागल्यावर अण्णांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली. मी तेव्हा डिप्लोमा करून दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. कापडी बेल्टचे जॉइंट मी केले होते, तारांचा एकही नाही. गावातले लोक अण्णांना विचारत, पोरीला किती दिवस रबरात लोळवणार? घरात बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलेला होता, दिवाणावरच्या गादीखाली. अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "सुजे, आजचा जॉइंट तुझा. मधली तार तू ठेवायचीस. जमला तं पुढं टोळी तू चालव. नाय जमला तं तो फॉर्म भरून टाक. त्यात काय लाज नाय." मधली तार म्हणजे काय ते सांगायला हवं. तारा बसवायला मधून सुरुवात करतात. मधली तार सरळ बसली तर सगळ्या सरळ बसतात, ती चुकली तर बेल्ट आयुष्यभर एका बाजूला पळतो. आमच्या टोळीत ती पहिली तार जो ठेवील त्याच्या नावावर तो जॉइंट लागत असे. मी वही उघडून माझी यादी परत वाचली. एकोणचाळीस कामं होती. मला वाटलं, यादी पक्की असली की झालं.

खाणीवर पोचल्यावर आधी ताडपत्रीचा तंबू. धूळ, वारा आणि पाणी हे जॉइंटचे तीन वैरी. जॉइंटच्या दिवशी डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, चहा-तंबाखू तंबूबाहेर. कपाळाला टॉवेल बांधायचा, कारण घामाचा एक थेंब आत पडला तर शिजताना तिथे फोड येतो. दिगूकाकांचे केस तेलाशिवाय उभे राहात आणि ते दिवसभर खिन्न असत. गोमा डोळखांबकडच्या पाड्यावरचा. चार माणसांचं वजन तो एका चेन ब्लॉकवर ओढायचा आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा. त्याने आणि काकांनी बेल्ट दोन्हीकडून शिकंज्यात धरला, जुना जोड कापून काढला, आणि मग वरचं रबर चेन ब्लॉकने सोलून ओढलं. त्याचा आवाज मला अजून आवडतो, ओल्या लाकडाची साल निघते तसा लांब, फाटत जाणारा. रबर गेल्यावर तारा दिसल्या. प्रत्येक टोकाला छप्पन्न.

खालचं टोक काका आणि गोमाकडे, वरचं आई आणि माझ्याकडे अशी मी वाटणी केली. मी आईला सुरी कशी धरायची ते दाखवलं, तारेवरचं जाड रबर कसं काढायचं ते दोन तारांवर करून दाखवलं, तिने मान हलवली आणि मी माझ्या तीस तारांना लागले. त्या संपल्यावर मी रबराच्या पट्ट्या कापायला गेले, मग अण्णांबरोबर मधली रेष आखायला, मग प्रेसच्या वायरी बघायला. आईच्या वाट्याला सव्वीस तारा होत्या. मधून मधून तिचा आवाज येत होता. एकदा ती काकांना पाणी द्यायला खालच्या टोकाशी गेली आणि त्यांच्या तारांकडे बघून म्हणाली, "दिगूभावजी, हे काय, खरकट्याच ठेवल्यात?" काका म्हणाले, "मी हायच खरकटा वैनी, आता काय घासून निघणार?" सगळे हसलो. मीही.

साडेचारला मी वही घेऊन आईपाशी आले. तिने सुरी ठेवून दिली होती. कुठून तरी तिला प्रेसच्या प्लेटा साफ करायचा तारेचा ब्रश सापडला होता. तिच्या सव्वीस तारा चांदीच्या दिसत होत्या. रबराचा कण नाही. शेजारच्या माझ्या तीस तारा काळपट, मळक्या, आणि मला खरंच थोडी लाज वाटली. मी म्हणाले, "आई, काय लख्ख केल्यास गो!" आई पदराने कपाळ टिपत म्हणाली, "मग? माजं काम अर्धवट नसतं." आणि मी यादीतल्या बाविसाव्या कामासमोर बरोबरची खूण केली.

त्या खुणेबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. तारेवर रबराची पातळ साल ठेवायची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बेल्टबरोबर आलेल्या पुस्तकातून मी ते स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतलं होतं. पण वाचलेलं एका खोलीत राहतं आणि डोळे दुसऱ्या खोलीत. माझे डोळे आमच्या मांडणीसमोर वाढलेले. लख्ख दिसलं की ते काम चांगलं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते भाकरीबरोबर पोटात गेलं होतं. गावातल्या कुठल्याही बाईने त्या दिवशी हीच चूक केली असती, आणि कुठल्याही बाईने त्यावर बरोबरची खूण केली असती.

पाचच्या सुमाराला अण्णा तंबूत आले. ते बघत नसत, हात लावत. त्यांनी आईच्या पहिल्या तारेवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग एकदम शेवटच्या. अंगठा शर्टाला पुसला.

"ह्या कोणी केल्या?"

"मी," आई म्हणाली. तिला कौतुकाची अपेक्षा होती.

"किती?"

"सव्वीस. मोजून."

 अण्णांनी मला हाताने जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय दिसतं तुला?" आणि त्यांनी विचारल्याबरोबर मला दिसलं.  रबर रबराला धरतं. तारेवरची ती पातळ साल कारखान्यात मोठ्या यंत्रात तारेला पकडलेली असते, तशी पकड आम्हाला डोंगरात तंबू ठोकून आणता येत नाही. एखाददुसरी तार उघडी पडली तर तिला लावायचं औषध असतं. सव्वीस तारा एका रांगेत उघड्या म्हणजे जवळजवळ अर्धा बेल्ट नुसत्या औषधावर. शिवाय ब्रशने तारेवरचा जस्ताचा मुलामा किती गेला हे कोण सांगणार? वरून जॉइंट छान दिसला असता. चालू झाला असता. सहा महिने चाललाही असता.

आईने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? मग लावा ना परत रबर."

काकांनी तिला समजावलं, हळू आवाजात, एकही चेष्टा न करता. त्यामुळेच तिला किती झालंय ते कळलं. तिने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाली, "माज्यापायी तुमचा खोळंबा झाला. मी सकाळच्या एस्टीनं जाते घरी."

"आई, खूण मी केलीय," मी म्हणाले. पण ती तंबूबाहेर गेली होती.

आता वरचं टोक कापून टाकून परत नव्याने सोलणं भाग होतं. म्हणजे सत्तर सेंटिमीटर बेल्ट आखूड होणार. बेल्ट ताणून धरायला त्याच्या एका वळशात मोठं वजन टांगलेलं असतं. बेल्ट आखूड झाला की ते वर चढतं, आणि फार वर चढलं की वरच्या अडणीला टेकतं. मग बेल्टला ताण राहत नाही, तो चालत नाही. नवा जॉइंट झाल्यावर वजन अडणीच्या किती खाली राहील हे अण्णांनी सकाळीच काढून मला लिहायला लावलं होतं: चाळीस सेंटिमीटर. मी वही बघितली. चाळीस. आणि कापायचे सत्तर.  अण्णा बिडी काढून तंबूबाहेर निघाले होते. "बसतं का बघ," एवढंच म्हणाले. त्यांना माहीत होतं. ते मला सांगणार नव्हते. मी दगडावर बसून वहीच्या मागच्या पानावर तो वळसा काढला, वजनाच्या एका बाजूने खाली येणारा बेल्ट आणि दुसऱ्या बाजूने वर जाणारा. दोन बाजू. सत्तर सेंटिमीटर दोन बाजूंत वाटले जाणार. वजन पस्तीसच चढणार. पाच उरतात. मी ते तीनदा मोजलं आणि मग अण्णांना जाऊन दाखवलं. त्यांनी बिडी दातात धरूनच मान हलवली. "बेल्ट चालून चालून लांबतो. महिन्याभरात वजन खाली येईल. पण दुसऱ्यांदा कापायला जागा नाय, एवढं ध्यानात ठेव."

साइटचे इंजिनियर, ज्यांना आम्ही फक्त सर म्हणत असू, सहाला आले. सगळं त्यांना मीच सांगावं म्हणून अण्णा मुद्दाम पाणी प्यायला गेले. मी सांगितलं. एक टोक परत कापावं लागेल, तारा जास्त घासल्या गेल्या, तपासायचं काम माझं होतं आणि मी चुकीची खूण केली. सरांनी घड्याळाकडे बघितलं. "मॅडम, मंडे आठ बजे पत्थर नीचे आना चाहिए. नहीं आया तो पूरा प्लांट खडा रहेगा. फिर नेक्स्ट टाइम मैं बाहरवाली टीम बुलाऊंगा, इतनाच बोलता हूँ." मी म्हटलं, "आएगा सर." काकांनी मागून माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांची म्हैस परस्पर विकली होती.

दिव्याच्या उजेडात अण्णा तारेला हात लावू देत नसत. म्हणून आम्ही जेवलो आणि झोपलो. बिरडं होतं. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही आणि आईनेही आग्रह केला नाही.

रविवारी उजाडता उजाडता गोमाने वरचं टोक कापलं, परत रबर ओढलं. परत छप्पन्न तारा. खालच्या टोकाच्या तयार होत्या. आई तंबूबाहेर पिशवी भरून बसली होती आणि एस्टीची वाट बघायच्या ऐवजी रात्रीची भांडी घासत होती. गोमा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. "आये, तू गेलीस तं तारा कोण सोलील? ह्या दिगूदादाचे हात बघ, खुरप्यासारखे." हे त्याचं आदल्या दिवसापासूनचं सगळ्यात लांब वाक्य असावं. आई म्हणाली, "मी नाय रे बाबा आता हात लावायची."

मी शनिवारी कापून काढलेल्या जुन्या जोडाचा एक तुकडा उचलला. त्यात अजून न सोललेल्या तारा होत्या. मी तो आईपुढे ठेवला, बारकी सुरी ठेवली आणि म्हणाले, "काल मी तुला दोन तारा दाखवल्या आणि पळाले. हा टाकाऊ तुकडा आहे. ह्याचं काहीही होऊ दे. वरची काळी साल ठेवायची, तार दिसता कामा नये." हे शनिवारी सकाळी करायचं काम होतं. ते माझ्या एकोणचाळीस कामांत नव्हतं.

पहिली तार तिने उघडी पाडली. "बघ," ती म्हणाली आणि सुरी टाकून दिली. मी ती परत तिच्या हातात दिली. दुसरी अर्धी बरी, अर्धी उघडी. तिसऱ्या तारेवर ती थांबली, मान तिरकी केली आणि सुरी परत तिथूनच हळू ओढली. मग काकांना म्हणाली, "भावजी, जरा तो जनरेटर बंद करा."

"का गो वैनी? वीज लागते मला."

"बंद करा म्हणते ना."

जनरेटर थांबला. डोंगरात एकदम शांतता झाली, खालून कुठून तरी भारद्वाज ओरडत होता. आई सुरी ओढत राहिली. "आवाज बदलतो गो," ती म्हणाली. "रबरावर सर्र जाते. तार जवळ आली की बारीक होतो आवाज. तिथंच थांबायचं, खर्र व्हायच्या आत. बाळाच्या टाळूवरची खपली काढतो ना, तसं. दाबायचं नाय." चौथी तार तिने सोलली ती मी अण्णांकडे नेली. त्यांनी अंगठा फिरवला, मग परत फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला बसव. जनरेटर दुपारशिवाय लावू नका."

छप्पन्न तारांपैकी एकतीस आईने केल्या. मी वीस. काकांनी पाच केल्या, त्यातल्या दोन आईने परत मागून घेतल्या. आम्ही कुजबुजत काम करत होतो. दगडाच्या खाणीत पाच माणसं एका सुरीच्या आवाजासाठी कुजबुजताहेत, हे बघून सर तंबूच्या तोंडाशी आले आणि चपला हातात घेऊन परत गेले.

दुपारी बाराच्या आधी सोल्युशनचा हात देऊन झाला, वाळलं. खालच्या प्लेटेवर रबराचा थर पसरला. आता मधली तार. मला वाटत होतं अण्णा ती आता स्वतः ठेवतील आणि मला त्यांना अडवायचं नव्हतं. ते तंबूच्या खांबाला टेकून दोन्ही हात मागे बांधून उभे होते.  शेवटी आई म्हणाली, "अगो ठेव ना. वाळून जाईल ते." मी मधल्या रेषेवर तार धरली, तीन ठिकाणी दोरा लावून बघितली, आणि दाबली. कच्च्या रबराने ती धरून ठेवली. मग या टोकाची एक, त्या टोकाची एक, मध्ये रबराची पट्टी, परत एक. दोन्हीकडे कडेपर्यंत पोचायला चार वाजले. वरचा थर घातला, दातेरी रोलर फिरवून आतली हवा काढली. त्याचा टकटक टकटक आवाज. जिथे फुगा दिसला तिथे टोच्याने भोक पाडलं. वरची प्लेट, बीम, बोल्ट, पाण्याची पिशवी फुगवून दाब. जनरेटर. तापमान एकशे पंचेचाळीसवर गेलं तेव्हा मी वहीत वेळ लिहिली.

प्रेसमध्ये जॉइंट असतो तेव्हा करायला काही नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड. कडेने रबराची मिशी बाहेर येते, तिखट धूर येतो. शिजून झाल्यावरही लगेच उघडायचं नाही. दाबाखालीच गार होऊ द्यायचं, गरम असताना उघडलं तर केलेलं सगळं फुगतं. काका दर पाच मिनिटांनी म्हणत, "झालं असंल," आणि दर वेळी गोमा म्हणे, "नाय." आईने करवंदांची पाटी मध्ये ठेवली. दिवस मावळायच्या बेताला आम्ही वरची प्लेट उचलली. अण्णांनी डोळे मिटून हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला. कोमट होता. काहीही लागलं नाही.

सोमवारी सातला बेल्ट रिकामा सुरू झाला. मी जॉइंटवर खडूने आडवी रेघ मारली होती. ती डोंगरावर दिसेनाशी झाली आणि आम्ही पाचही जण खाली उभे राहिलो. पाच-सहा मिनिटांनी रेघ परत आली, सरळ, कुठे न पळता. आई म्हणाली, "आपला आला." परत गेली, परत आली. "आपला आला." आठला पाच कमी असताना पहिला दगड पडला. वजन अडणीच्या पाच सेंटिमीटर खाली हलत होतं. मी ते बघायला दोनदा चढले. सरांनी हात मिळवायला अण्णांपुढे हात केला तर अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं. परत येताना किन्हवलीला चहाला थांबलो तेव्हा अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "पुढल्या महिन्यात कसाऱ्याकडं एक काम हाय. यादी तू कर." बशी रिकामी करून म्हणाले, "आणि हिलाबी घे." गादीखालचा फॉर्म पुढे दोन वर्षांनी घर सारवताना सापडला, कोरा.

आई त्यानंतर सोळा वर्षं टोळीत होती. आता टोळी माझी आहे, आठ जणांची, त्यात तीन बाया. माझी यादी एकोणचाळीसवरून चौसष्टवर गेली आहे. पहिलंच काम: प्रत्येकाने टाकाऊ तुकड्यावर दहा तारा सोलून दाखवणे. पण कुठे थांबायचं, ते मला अजून लिहिता आलेलं नाही. पातळ साल ठेवा, असं लिहिलं. नवी मुलं विचारतात, म्हणजे किती? मी करून दाखवते, पण माझं काम डोळ्यांचं आणि अंगठ्याचं. कानाने ओळखणं मला जमलं नाही. ते फक्त आईला येतं आणि ती आता पंचाहत्तरीची आहे.

म्हणून गेल्या दिवाळीपासून माझ्या यादीत एक काम आहे: आईकडून तार सोलून घेणे आणि सुरीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करणे. तीनदा प्रयत्न केला. शेजारी पिठाची गिरणी आली आहे, ती सकाळी सात ते रात्री नऊ चालते, दिव्याच्या उजेडात आईला आता तार दिसत नाही, आणि दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती गिरणीच ऐकू येते. आईला दुसरीकडे न्यायचं तर ती म्हणते, माझे गुडघे गिरणीत दळून आण आधी. मग मी ठरवलं की शुक्रवारी करायचं, कारण आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट नसते. गेल्या शुक्रवारी सगळं तयार ठेवलं. पडवीत जुन्या बेल्टचा तुकडा, धार लावलेली सुरी, आईचा पाट, मोबाईल पूर्ण चार्ज. आई केस बांधून, चष्मा पुसून नऊलाच येऊन बसली. आम्ही दोघी गिरणी थांबायची वाट बघत दुपारपर्यंत बसलो. नेमकी त्या शुक्रवारी लाइट गेलीच नाही.